मेडिकल स्टोअर सांभाळणाऱ्या फार्मासिस्टची कायदेशीर जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या किरकोळ औषध दुकानाच्या लायसनवर ज्या नोंदणीकृत फार्मासिस्टचं नाव आहे, त्याच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मालक स्वतः फार्मासिस्ट असेल तर मालकाची आणि फार्मासिस्टची अशा दोन्ही जबाबदाऱ्या त्याच्यावरच येतात. पगारी फार्मासिस्ट असेल तर त्या दोघांत वाटल्या जातात, पण पूर्णपणे सुटका कोणाचीच होत नाही.

नेमके कोणते कायदे लागू होतात?

मुख्य दोन. पहिला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे १९४५ चे औषध नियम. लायसन, साठवण, विक्री, नोंदी, नमुने, शिक्षा हे सगळं यात येतं आणि त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए करतं. दुसरा फार्मसी कायदा, १९४८. तुमची नोंदणी या कायद्याखाली होते आणि ती राज्य फार्मसी कौन्सिलच्या हातात असते. फार्मासिस्टनं काउंटरवर कसं वागावं, हे सांगणारी २०१५ ची फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स याच कायद्याखालची आहेत.

याशिवाय किमतीसाठी औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ आणि गुंगीच्या औषधांसाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा लागू होतो. एकाच चुकीवरून दोन ठिकाणी कारवाई होऊ शकते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एफडीए दुकानाच्या लायसनला हात घालतं आणि कौन्सिल तुमच्या नोंदणीला.

दुकान मालकाचं आहे, मी पगारी आहे. चूक झाली तर कोण अडकतं?

१९४० च्या कायद्याचं कलम १८ ‘स्वतः किंवा आपल्या वतीनं दुसऱ्या कोणामार्फत’ केलेल्या विक्रीबद्दल बोलतं. त्यामुळे लायसनधारक मालक जबाबदार असतोच. कंपनी किंवा भागीदारी असेल तर कलम ३४ नुसार त्या वेळी धंद्याचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाला आरोपी करता येतं.

तुमची जबाबदारी दुसऱ्या वाटेनं येते. औषध नियमांतला नियम ६५ म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं जावं. फार्मसी कायद्याचं कलम ४२ तर फार्मासिस्टशिवाय इतर कोणालाही डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध बनवून किंवा काढून द्यायला मनाई करतं. शिवाय याच कायद्याच्या कलम ३६ खाली, तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाच्या कृत्यावरूनही तुमचं नाव रजिस्टरमधून काढता येतं. काउंटरवरच्या मुलानं चुकीची स्ट्रिप दिली, तर ‘मी दिली नाही’ हे उत्तर पुरत नाही. देखरेख तुमची होती का आणि ती कशावरून दिसते, हा पुढचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर बिलावरच्या सहीत आणि रजिस्टरमध्ये असावं लागतं.

सर्टिफिकेट नुसतं ‘लावलं’ आणि मी दुसरीकडे काम करत असेन तर?

हे करू नका. महिन्याला घरबसल्या मिळणाऱ्या रकमेपुढे धोका फार मोठा आहे आणि तो पूर्णपणे तुमचा आहे.

नीट विचार करा. त्या दुकानातून रोज बिलं फाटतात. प्रत्येक बिल कागदोपत्री तुमच्या देखरेखीखाली झालेलं असतं. झोपेच्या गोळ्या कोणाला गेल्या, कफ सिरप किती गेलं, गर्भपाताचं किट कोणी नेलं, यातलं तुम्हाला काहीही माहीत नसतं. उद्या रुग्णाला इजा झाली आणि तपास सुरू झाला, तर तुमच्यापुढे दोनच वाटा उरतात. ‘मी हजर होतो’ म्हणालात तर त्या विक्रीची जबाबदारी तुमची. ‘मी हजर नव्हतो’ म्हणालात तर सर्टिफिकेट भाड्यानं दिल्याची कबुली झाली, आणि कौन्सिलच्या दृष्टीनं हे गैरवर्तन आहे. दुसऱ्या कंपनीतला तुमचा पगार आणि हजेरीपट शोधायला तपास अधिकाऱ्याला फार वेळ लागत नाही.

आधीच अडकला असाल तर आजच लेखी राजीनामा द्या. त्याची प्रत लायसन देणाऱ्या सहायक आयुक्तांकडे आणि कौन्सिलकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा. पोच मिळेपर्यंतच्या काळाची जबाबदारी राहतेच, पण ती पुढे वाढत जायची थांबते.

जेवायला, बँकेत गेलो तर दुकान बंद करायचं का?

शटर ओढायची गरज नाही. मात्र तुम्ही नसताना चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही आणि स्ट्रिप कापून सुट्या गोळ्याही देता येत नाहीत. कारण सुटी विक्रीसुद्धा फार्मासिस्टच्या थेट देखरेखीखालीच व्हायला हवी. व्यवहारात सर्वांत सुरक्षित पद्धत अशी : ‘फार्मासिस्ट बाहेर गेले आहेत, अमुक वाजता येतील’ अशी पाटी काउंटरवर लावायची, आलेल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवायच्या आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावाचं लॉगिन बंद करून जायचं.

लॉगिनचा मुद्दा महत्त्वाचा आहे. संगणकाच्या बिलावर वेळ छापली जाते. इन्स्पेक्टर दुपारी दोनला आला, तुम्ही नव्हता आणि १.५० चं प्रतिजैविकाचं बिल तुमच्या नावानं निघालेलं असेल, तर वेगळा पुरावा लागत नाही.

दुकान सकाळी आठ ते रात्री अकरा उघडं असतं. एक फार्मासिस्ट पुरेल?

नाही. पंधरा तास एक माणूस रोज काउंटरवर उभा राहू शकत नाही, हे तपासणाऱ्यालाही कळतं. दोन फार्मासिस्ट नेमून दोघांचीही नावं लायसनवर चढवा आणि वेळांचा तक्ता भिंतीवर लावा. चोवीस तासांच्या दुकानाला किमान तीन पाळ्यांची माणसं लागतात, साप्ताहिक सुट्टीचा बदली माणूस वेगळाच. हे परवडत नसेल तर दुकानाच्या वेळा कमी करणं हा प्रामाणिक उपाय आहे.

नोकरी सोडताना काय करायचं?

फार्मासिस्ट बदलला की एक महिन्याच्या आत लायसनिंग अधिकाऱ्याला कळवणं, ही लायसनची अट मालकावर आहे. तुम्ही मात्र मालकावर विसंबू नका. शेवटच्या दिवशी स्वतः लेखी कळवा. त्याच दिवशी शेड्यूल एच१ आणि एक्सच्या (औषध नियमांतल्या कडक नोंदीच्या याद्या, पुढे सविस्तर आहे) औषधांचा साठा मोजून, बॅचनुसार यादी करून मालकाची सही घ्या. रजिस्टरमधल्या तुमच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून तारीख घाला. भिंतीवर लावलेलं तुमचं नोंदणी प्रमाणपत्र बरोबर घेऊन निघा. ते तिथंच राहिलं की नाव वापरलं जातं.

मालकी किंवा भागीदारी बदलली तर जुनं लायसन जास्तीत जास्त तीन महिने चालतं. तेवढ्यात नवं घ्यावं लागतं.

चिठ्ठी हातात आल्यावर काय पाहायचं?

नियमांप्रमाणे चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, औषधाची एकूण मात्रा आणि डोस हवा. प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त राहतं ते ‘एकूण किती’. ‘१-०-१’ लिहिलेलं असतं, दिवस नसतात. अशा वेळी अंदाजानं पूर्ण स्ट्रिप देऊ नका. डॉक्टरला फोन करा आणि चिठ्ठीवरच लिहा : ‘डॉक्टरांशी बोलणं झालं, ५ दिवस, १० गोळ्या’, खाली तारीख, वेळ आणि तुमची सही. नाव वाचता येत नसेल किंवा दोन सारख्या नावांत घोटाळा वाटत असेल, तरी हेच करा.

त्यानंतर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, रुग्णाचं वय आणि डोस यांचा मेळ बसतो का ते बघा. लहान मुलाच्या चिठ्ठीवर मोठ्यांचा डोस दिसला आणि तुम्ही तो तसाच दिला, तर चूक डॉक्टरची होती एवढं म्हणून भागत नाही. ती पकडण्यासाठीच कायद्यानं शिकलेला माणूस मध्ये उभा केला आहे.

औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख टाकायची असते, तीही डॉक्टरच्या सहीच्या वरच्या बाजूला. बहुतेक दुकानं शिक्का मागच्या बाजूला किंवा कोपऱ्यात मारतात, काही मारतच नाहीत. शिक्का नसला की तीच चिठ्ठी चार दुकानांत फिरते. रुग्णानं तीसपैकी दहाच गोळ्या घेतल्या तर शिक्क्याशेजारी ‘१० दिल्या’ असं लिहा.

जुनी चिठ्ठी चालते का?

डॉक्टरनं ‘पुन्हा द्यावे’, ‘तीन महिने’ असं काही लिहिलं नसेल तर एक चिठ्ठी एकदाच. लिहिलं असेल तर तेवढ्याच वेळा आणि तेवढ्याच अंतरानं. मधुमेह, रक्तदाबाच्या नेहमीच्या रुग्णांशी यावरून वाद होतात. त्यांना पुढच्या भेटीत डॉक्टरकडून महिने लिहून आणायला सांगा. दोन-तीनदा सांगितलं की सवय लागते. प्रतिजैविकाची सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी मात्र मान्य करू नका. तो आजार वेगळा होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चिठ्ठी ग्राह्य आहे?

मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन रुग्णाला पाठवू शकतो. शेड्यूल एक्सची आणि एनडीपीएसखालची औषधं मात्र अशा सल्ल्यावर लिहूनच देता येत नाहीत. त्यामुळे तशी चिठ्ठी मोबाइलवर आली तर परत पाठवा.

बाकी औषधांसाठी अडचण एवढीच की फोटोवर शिक्का मारता येत नाही. म्हणून प्रिंट काढा, तिच्यावर शिक्का मारा, बिल क्रमांक लिहा आणि फाइल करा. फोटो डॉक्टरकडून थेट रुग्णाला आला आहे की पाच जणांकडून फिरत आला आहे, हेही विचारा.

लिहिलेली कंपनी नाही, तेच घटक असलेली दुसरी दिली तर?

शेड्यूल एच आणि एक्सच्या औषधांत हे चालत नाही. नियम ६५ स्पष्ट आहे : चिठ्ठीतल्या औषधाऐवजी दुसरं काहीही द्यायचं नाही, घटक तेच असले तरी नाही. ‘तेच आहे, कंपनी वेगळी आहे’ हे काउंटरवरचं नेहमीचं वाक्य कायद्याच्या विरोधात जातं. डॉक्टरनं जेनेरिक नाव लिहिलं असेल तर त्या नावाचं, त्याच ताकदीचं आणि त्याच प्रकारचं कोणतंही औषध देता येतं. ब्रँड लिहिला असेल तर डॉक्टरला फोन करून बदल मंजूर करून घ्या आणि तसं चिठ्ठीवर नोंदवा. साधी गोळी आणि शरीरात हळूहळू सुटून जास्त वेळ काम करणारी गोळी यांची अदलाबदल तर कधीही करू नका. नावातली शेवटची दोन अक्षरं न वाचल्यानं ती होते.

शेड्यूल एच, एच१ आणि एक्स यांत फरक काय?

तिन्ही चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. फरक नोंदीत आणि साठवणीत आहे.

एचसाठी प्रिस्क्रिप्शन रजिस्टर किंवा पूर्ण तपशिलाचं कॅश मेमो पुरतं.

एच१ ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली, सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती. सेफिक्झीम, सेफ्ट्रायक्झोन, मेरोपेनेम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविकं, रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड यांसारखी क्षयाची औषधं आणि अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल, कोडीन यांसारखी सवय लावणारी औषधं त्यात आहेत. लेबलवर लाल चौकटीत इशारा असतो. या औषधांची स्वतंत्र वहीत नोंद करायची : डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव आणि दिलेली संख्या. वही तीन वर्षं जपायची.

एक्समध्ये केटामाइन, मेथिलफेनिडेट यांसारखी औषधं येतात. त्यासाठी फॉर्म २०-एफचं वेगळं लायसन लागतं. चिठ्ठी दोन प्रतींत हवी, एक प्रत दुकानात दोन वर्षं ठेवायची. औषध कुलपात, फक्त त्याच कामासाठी राखलेल्या कपाटात किंवा ड्रॉवरमध्ये. बहुतेक दुकानांना हे लायसन नसतं. त्यांनी ही औषधं ठेवूच नयेत, ‘एका पेशंटसाठी’ म्हणूनही नाही.

एच१ च्या वहीत नेमकं काय चुकतं?

लिहायचं राहतं आणि महिनाअखेरीला एका बैठकीत भरलं जातं. ते ओळखू येतं. सगळ्या ओळी एकाच पेननं, एकाच वळणाच्या, रुग्णांची नावं तीच तीच, डॉक्टरच्या जागी फक्त आडनाव.

दुसरी आणि जास्त गंभीर गोष्ट म्हणजे हिशेब न जुळणं. समजा अल्प्राझोलामच्या एका ब्रँडच्या महिन्याच्या सुरुवातीला ६० गोळ्या होत्या. महिन्यात ३०० आल्या. वहीत २१५ दिल्याची नोंद आहे. म्हणजे कपाटात १४५ असायला हव्यात. मोजल्यावर ९५ निघाल्या. ५० गोळ्या कुठं गेल्या, याचं उत्तर कोणाकडेच नसतं आणि तपासात चिठ्ठीशिवाय विक्री झाली असंच धरलं जातं. इन्स्पेक्टर स्टॉकिस्टकडून (घाऊक पुरवठादाराकडून) तुमच्या खरेदीचे आकडे आधीच घेऊन येऊ शकतो. म्हणून हा हिशेब तुम्हीच दर आठवड्याला करा. फरक सापडला तर त्याच दिवशी कारण शोधा : बिल झालं पण वहीत आलं नाही, स्ट्रिप फुटली, मालकाच्या घरी गेली. कारण लिहून सही करा. मागच्या तारखेची खोटी नोंद घालून आकडे जुळवू नका. बिलांशी ताडून पाहिलं की ते उघडं पडतं, आणि मग हलगर्जीपणाच्या जागी बनावट नोंदीचा आरोप येतो.

वही भरायची योग्य वेळ एकच, औषध हातात देण्यापूर्वी.

बिलावर काय काय हवं?

अनुक्रमांक, तारीख, डॉक्टरचं नाव आणि पत्ता, रुग्णाचं नाव आणि पत्ता, औषध आणि संख्या, उत्पादक, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि फार्मासिस्टची सही. ‘डॉक्टर : स्वतः’, ‘रुग्ण : कॅश’ असं छापलेली बिलं म्हणजे चिठ्ठी पाहिलीच नाही, असं स्वतःच्या हातानं लिहून दिल्यासारखं आहे. सॉफ्टवेअरमध्ये ही दोन नावं भरल्याशिवाय बिल पुढे जाणार नाही, अशी सोय करून घ्या. छापील नाव म्हणजे सही नव्हे. पेननं सही करा.

बॅच नंबर बिलावर आपोआप येतो, पण हातात दिलेली स्ट्रिप दुसऱ्याच बॅचची असते. हे रोज घडतं. एखादी बॅच कंपनीनं परत मागवली की मग कोणत्या रुग्णाला फोन करायचा, हेच कळत नाही.

सुट्या गोळ्या देताना?

पाकिटात घालून द्या आणि पाकिटावर औषधाचं नाव, संख्या, दुकानाचं नाव-पत्ता लिहा. स्ट्रिप कापताना एक्स्पायरी आणि बॅच छापलेली बाजू दुकानात उरणाऱ्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत ओळख राहते. किंमत प्रमाणातच : दहा गोळ्यांची स्ट्रिप ४५ रुपयांची असेल तर चार गोळ्यांचे १८ रुपयेच, जास्त नाही.

खरेदीची बिलं इतकी का जपायची?

कारण तुमच्या दुकानातून घेतलेला नमुना निकृष्ट किंवा बनावट निघाला, तर वाचवणारी तरतूद एकच आहे : १९४० च्या कायद्याचं कलम १९(३). तिचा फायदा मिळण्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. औषध लायसन असलेल्या उत्पादकाकडून किंवा विक्रेत्याकडून घेतलं होतं. योग्य काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता. आणि औषध तुमच्याकडे नीट साठवलेलं, आलं तसंच होतं.

पहिली गोष्ट फक्त बिलानं सिद्ध होते. बिलावर पुरवठादाराचा लायसन क्रमांक, बॅच आणि एक्स्पायरी हवी आणि ती खोक्यावरच्या मजकुराशी जुळायला हवी. माल उतरवतानाच ताडून बघा, नंतर कोणी बघत नाही. प्रत्येक स्टॉकिस्टच्या २०-बी आणि २१-बी (घाऊक विक्रीच्या) लायसनची प्रत फाइलला लावा. बिलाशिवाय, भरमसाट सवलतीत आलेला माल घेऊ नका. तो घेतला की हा बचाव संपतो आणि बनावट औषधाची शिक्षा किमान सात वर्षांपासून सुरू होते. शिवाय औषध कोणाकडून घेतलं, हे विचारल्यावर सांगणं कलम १८-ए नुसार बंधनकारक आहे. ‘एक माणूस देऊन गेला’ हे उत्तर स्वतःच गुन्हा ठरतं.

ऑगस्ट २०२३ पासून शेड्यूल एच२ मधल्या ३०० ब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड असतो. नव्या पुरवठादाराचा माल आला की प्रत्येक बॅचमधला एक तरी कोड स्कॅन करून पाहा.

डॉक्टरांना मोफत देण्यासाठी आलेले नमुने आणि सरकारी पुरवठ्याचा शिक्का असलेली औषधं दुकानात ठेवणंही गुन्हा आहे, विकली नाहीत तरी.

एक्स्पायर झालेला माल दुकानात सापडला तर?

लेबलवर फक्त महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. त्यानंतर ते विक्रीच्या मालात राहता कामा नये. परत पाठवण्याची किंवा नष्ट करण्याची कार्यवाही सुरू असेल, तर वेगळ्या खोक्यात, वरच्या बाजूला ठळक ‘विक्रीसाठी नाही’ लिहून ठेवता येतं. सोबत यादी आणि स्टॉकिस्टला पाठवलेल्या पत्राची प्रत ठेवा, नाहीतर ‘कार्यवाही सुरू आहे’ हे कशावरून?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या तीन महिन्यांत संपणारा माल काढा. कपाटं बघितली जातात. राहतात ते काउंटरखालचा कट स्ट्रिपचा डबा, फ्रिजचा दरवाजा आणि रुग्णानं परत केलेल्या औषधांची पिशवी. तपासणीत सापडतं ते बहुधा इथंच.

फ्रिजबद्दल काय अपेक्षा असते?

इन्सुलिन आणि बहुतेक लशींना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. आत थर्मामीटर ठेवा आणि सकाळी-संध्याकाळी तापमान वहीत लिहा. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याजवळ किंवा मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निकामी असतं, आणि बाहेरून ते नेहमी ओळखू येईलच असं नाही. दरवाजातही ठेवू नका, तिथं तापमान सारखं वरखाली होतं. जेवणाचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या त्या फ्रिजमध्ये नकोत. वीज किती वेळ गेली, तेही वहीत लिहा.

लायसन आता कायमचं झालंय ना?

२०१७ पासून नूतनीकरण नाही, पण दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे लायसन चालू ठेवण्याचं शुल्क, भरावी लागते. चुकली तर सहा महिन्यांपर्यंत विलंब शुल्कासह भरता येते, त्यानंतर लायसन रद्द झाल्याचं धरलं जातं. तुमची कौन्सिलची नोंदणी वेगळी. तिचं नूतनीकरण थकलं आणि नाव रजिस्टरमधून उतरलं, तर त्या दिवसापासून तुम्ही काउंटरवर फार्मासिस्ट नाही.

नोंदी किती वर्षं ठेवायच्या?

रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून किमान दोन वर्षं, एच१ ची वही तीन वर्षं. २०१५ ची रेग्युलेशन्स रुग्णाच्या चिठ्ठ्यांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून पाच वर्षं ठेवायला सांगतात. तीन वेगळे हिशेब ठेवण्यापेक्षा सगळंच पाच वर्षं ठेवा.

ड्रग इन्स्पेक्टर आला की काय करायचं? नमुना घेतला तर?

ओळखपत्र पाहा, फॉर्म ३५ ची तपासणी वही पुढे करा आणि विचारलेलं दाखवा. अडवणूक करणं हा वेगळा गुन्हा आहे. माहीत नसेल तिथं ‘बघून सांगतो’ म्हणा. शेरा वाचल्याशिवाय सही करू नका. वस्तुस्थिती चुकीची लिहिली असेल तर सहीशेजारी तुमचं म्हणणं लिहा.

नमुना घेताना इन्स्पेक्टरनं फॉर्म १७ मध्ये तसं लेखी कळवायचं असतं आणि वाजवी किंमत द्यायची असते. किरकोळ दुकानात नमुन्याचे चार भाग करून सील करतात. एक भाग तुम्हाला परत मिळतो. तो कोपऱ्यात टाकू नका. सील शाबूत ठेवून, लेबलवर सांगितलेल्या तापमानात जपा. त्या बॅचचं खरेदी बिल त्याच दिवशी शोधून वेगळं काढा आणि पुरवठादाराला लेखी कळवा.

अहवाल विरोधात आला तर एक मुदत कधीही चुकवू नका : प्रत मिळाल्यापासून २८ दिवस. या काळात ‘आम्ही या अहवालाविरुद्ध पुरावा देणार आहोत’ असं लेखी कळवलं नाही, तर तो अहवालच अंतिम पुरावा ठरतो. लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख टाका आणि पहिल्या आठवड्यातच उत्तर पाठवा. पगारी फार्मासिस्टच्या हाती असे लिफाफे पडतात आणि मालकापर्यंत पोहोचायलाच पंधरा दिवस जातात.

काही माल विकू नका, असा आदेश इन्स्पेक्टर जास्तीत जास्त २० दिवसांसाठी देऊ शकतो. तेवढे दिवस तो माल जागचा हलवू नका. जप्ती झाली तर पावती मागून घ्या.

शो-कॉज नोटीस आली. उत्तर कसं द्यायचं?

मुद्द्यागणिक आणि कागदांसह. ‘यापुढे चूक होणार नाही’ एवढंच लिहिलेलं उत्तर म्हणजे सगळे मुद्दे मान्य करणं. जे खरं आहे ते मान्य करा आणि काय दुरुस्त केलं त्याचा पुरावा जोडा. जे खरं नाही त्याला बिल किंवा वहीची प्रत लावा. लायसन निलंबित किंवा रद्द झालं तर आदेशापासून तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. निलंबनाच्या काळात एकही गोळी विकू नका. ती विनापरवाना विक्री ठरते आणि तिची शिक्षा मूळ चुकीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

काउंटरवर सल्ला देणं, इंजेक्शन देणं चालतं का?

औषध कसं घ्यायचं हे समजावणं तुमचं कर्तव्यच आहे : किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, डोस चुकला तर काय, कुठं ठेवायचं, कोणता त्रास झाला तर लगेच डॉक्टरकडे जायचं. आजार ओळखून शेड्यूल एचचं औषध सुचवणं मात्र तुमच्या अधिकारात नाही. दुकानात इंजेक्शन टोचू नका, चिठ्ठी असली तरी. पांढरा एप्रन आणि नाव-नोंदणी क्रमांकाचा बिल्ला कामाच्या वेळेत अंगावर हवाच.

रुग्णानं औषधाचा त्रास झाल्याचं सांगितलं तर?

आधी डॉक्टरकडे पाठवा. मग औषध, बॅच, केव्हा सुरू केलं, काय झालं, सोबत कोणती औषधं चालू होती हे लिहून घ्या आणि राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवा. त्यांचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. त्रास त्या औषधानंच झाला, हे सिद्ध करायची गरज नसते, संशय पुरतो. त्याच बॅचबद्दल दुसरी तक्रार आली तर ती बॅच विक्रीतून बाजूला काढून ठेवा आणि स्टॉकिस्टला आणि एफडीएला लेखी कळवा.